माझ्या गोष्टीला लावलेला शेवट

माझ्या सख्ख्या भावाने मला फसवलं, आणि माझ्या इंग्रजीच्या मॅडमनी त्याला त्यासाठी लागणारं सगळं आयतं लिहून दिलं. भावाचं नाव प्रकाश, मी त्याला दादा म्हणते. मॅडमचं नाव नेहा. दोघंही मजेत आहेत. मी मजेत नाही.

मार्च आला की आमच्या दहिसरला रस्त्यावर शुभेच्छांचे फलक लागतात. दहावीची मुलं बाजूला राहतात आणि हात जोडलेल्या माणसांचेच फोटो मोठे असतात. यंदा आमच्या सोसायटीनेही परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी छोटा कार्यक्रम ठेवला होता. एकेक पेन, एकेक गुलाब आणि समोसा. दोन शब्द बोलायला दादाला बोलावलं होतं. तो आमच्याच सोसायटीत बी विंगला राहतो, आणि त्याला आता बोलायची सवय झाली आहे. तो उभा राहिला, घसा साफ केला, आणि मला कळलं की आता ती गोष्ट येणार.

आली. "घरची परिस्थिती अशी होती," दादा म्हणाला, "की बहिणीला दहावीला बसवता आलं नाही. पण त्याच दिवशी मीसुद्धा कॉलेज सोडलं. कुणाला सांगितलं नाही. रोज सकाळी कॉलेजची बॅग घेऊन निघायचो आणि गोदामात ओझी उचलायचो. का? तर बहिणीला वाटावं की घरातलं एक तरी माणूस शिकतंय." मग त्याने पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे हात केला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एका आईने डोळ्यांना पदर लावला. मी उठले, समोसा खुर्चीवर ठेवला आणि घरी निघून आले.

दादाच्या त्या बोलण्यात माझी दहावी हुकली एवढंच खरं आहे. बाकी सगळं नेहा मॅडमनी रचलेलं आहे, एका उन्हाळ्यात, बोरिवलीच्या एका क्लासमध्ये, आणि त्याला सामान मी पुरवलं आहे.

माझा धंदा जुन्या दारांचा. जी इमारत पुनर्विकासाला जाते तिथे पाडणारे यायच्या आधी मी पोचते. दारं, चौकटी, खिडक्यांचे ग्रिल, पितळी कड्या, बेसिन, जे धड असेल ते उचलायचं आणि दहिसरच्या माझ्या दुकानातून विकायचं. मुलुंडपासून अंधेरीपर्यंत कुठली सोसायटी कधी रिकामी होतेय हे मला तिथल्या सेक्रेटरीच्या आधी कळतं. दाराला चार हात रंग असला तरी मी चावीने कोपऱ्यात खरवडते. खाली साग आहे की प्लाय, ते तिथेच कळतं. घासाघीस करताना माझा आवाज चढतो, हे खरं आहे. सगळे म्हणतात, संगीताताई तोंडाची फटकळ. असू दे. मी गोड बोलले म्हणून कुणी मला कधी एक कडीसुद्धा कमी भावात दिलेली नाही.

पण मग गिऱ्हाईक बदललं. अंधेरीहून घरं सजवणारी तरुण मुलं-मुली येऊ लागली. दारावरून हात फिरवत आपसांत इंग्रजीत बोलायची. मला कळायचं की ती भाव पाडायचं ठरवतायत, पण काय ठरवतायत ते कळायचं नाही. एकदा एका मुलीने माझ्यासमोर फोनवर काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. मी त्या दिवशी दार विकलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी बोरिवलीला इंग्रजीच्या क्लासला नाव घातलं.

तो उन्हाळा मला अजून अंगावर जाणवतो. मोबाइलच्या दुकानावरची प्लायवूडची खोली. एसी गार कमी करायचा आणि ठिबकायचा जास्त, म्हणून खाली आइस्क्रीमचा रिकामा डबा ठेवलेला. रस्त्यावर उसाच्या रसाच्या चरकाला बांधलेले घुंगरू दुपारभर वाजायचे. झेरॉक्सचे कागद गरम असतानाच हातात यायचे, आणि तो शाईचा जळका वास नाकात शिरला की मला भूक लागायची. वर्गात घरी बसलेल्या सुना, एक बँकेतले साहेब, आणि माझ्या बाजूला बोरिवलीच्या गावठाणातले फ्रान्सिसकाका. मुलाकडे कॅनडाला जायचं म्हणून शिकत होते.

"लोकांना वाटतं आपण ख्रिस्ती, म्हणजे इंग्रजी दुधातून आलंय," ते मला म्हणायचे. "आता काय सांगू गो बाय, आमचा बाबा शेती करायचा आणि बैलाशी मराठीत बोलायचा."

नेहा मॅडम तरुण, हुशार, चटकन हसणाऱ्या. त्यांची शिकवायची एक रीत होती. त्या आम्हाला छोट्या इंग्रजी गोष्टी द्यायच्या, शेवटी धक्का बसेल अशा. मात्र शेवटचं पान द्यायच्या नाहीत. ते त्यांच्या पर्समध्ये. आम्ही गोष्ट वाचायची, अडलेले शब्द विचारायचे, आणि मग प्रत्येकाने उभं राहून मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपला शेवट सांगायचा. खरा शेवट दुसऱ्या दिवशी. बँकेतल्या साहेबांना ते पान घरी नेता येत नाही म्हणून झोप लागायची नाही. मला त्या पर्सचा रागच यायचा. माल विकताय ना? मग खालची बाजू आधी दाखवा.

तरी मला शेवट लागायचे. एका गोष्टीत एक शिंपीण कुणा श्रीमंत बाईसाठी लग्नाचा झगा शिवते. ती बाई माप द्यायला कधीच येत नाही. सगळा वर्ग म्हणाला बाई मेली असणार. मी म्हटलं, माप न घेता कुणी एवढी सुई चालवतं का? झगा तिच्या स्वतःसाठी आहे. दुसऱ्या दिवशी पर्समधून तेच निघालं. फ्रान्सिसकाकांनी बाकावर थाप मारली. "हिच्याशी बाजारात कोण जाईल रे!" मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही वाचता कशा?" मी म्हटलं, "खरवडते."

आज वाटतं, त्या गोष्टींची खोड मला तेव्हाच कळायला हवी होती. अशा गोष्टीत शेवटचा परिच्छेद आधीच्या सगळ्या पानांवर हुकूम चालवतो. इतका वेळ जो माणूस कठोर वाटला तो एका ओळीत मायाळू होतो. ज्याने सोसलं तो मूर्ख ठरतो, कारण त्याला आतलं माहीत नव्हतं. वाचणाऱ्याला गंमत वाटते. पण ती आधीची पानं जर कुणी खरोखर जगलेलं असेल, तर त्याने काय करायचं?

मी ती पानं जगले आहे. माझ्या दहावीच्या वर्षी आई डबे करायची. दहिसरच्या चाळीत आमची एक खोली, मधे पत्र्याचं पार्टिशन, पलीकडे माझी वर्गमैत्रीण रंजना. वडील आधीच गेलेले. पूर्वपरीक्षेत मला इंग्रजीत वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले होते, बाईंनी माझी उत्तरपत्रिका वाचून दाखवली होती. त्याच आठवड्यात आईच्या मनगटाला दुखापत झाली. दादाने जेवता जेवता सांगितलं, "संगी, यंदा परीक्षा राहू दे. डबे बंद पडले तर खाणार काय? पुढच्या वर्षी बस."

"तू कर ना पोळ्या," मी म्हटलं.

"माझं कॉलेज आहे," तो म्हणाला, आणि आमटी वाढायला वाटी पुढे केली.

मी पोळ्या लाटू लागले. पार्टिशनपलीकडे रंजना मोठ्याने इंग्रजीची उत्तरं पाठ करायची. चुकली की मी इकडून ओरडायचे, ती तिकडून दुरुस्त करायची. तव्याच्या धगीने माझा चेहरा तापायचा, पिठाने भुवया पांढऱ्या व्हायच्या, आणि तोंडाने माझीही परीक्षा चालू असायची. पहिल्या पेपरच्या सकाळी तिच्या आईने दाराबाहेर तिच्या हातावर दहीसाखर ठेवली. मी तिला बघायला बाहेर आले होते. त्या माउलीने सवयीने माझ्याही हातावर ठेवली. मी ती चाटली, हात धुतले, आणि पोळपाटाशी येऊन बसले. दह्याची ती चव मला अजून आवडत नाही.

दादा मात्र रोज सकाळी बॅग खांद्याला लावून निघायचा. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी. आई मला म्हणायची, "बघ, दादा शिकला की सगळं नीट होईल."

त्याच मार्चमध्ये, पेपर सुरू व्हायच्या आधी, एकदा मी डबा पोचवायला नदीच्या बाजूने गेले. तिथे एका मंडळाची खोली होती, दार उघडं. आत दादा कॅरम खेळत होता. बॅग पायाशी, हातावर पावडर, आणि तो असा हसत होता जसा घरी कधी हसायचा नाही. मला बघून त्याने स्ट्रायकर हातातच धरला. बाहेर आला.

"कॉलेज?" मी विचारलं.

"नाही जमत मला ते. कधीच सोडलंय. आईला सांगू नकोस, संगी. मरेल ती."

"मग मला बसू दे परीक्षेला. तू घरी थांब."

"मी पोळ्या लाटू? लोक काय म्हणतील?" मग त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पुढच्या वर्षी नक्की. आईची शपथ. पण सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. आई नंतर पुष्कळ वर्षं जगली. तिचं मनगट उन्हाळा संपायच्या आत बरं झालं. पुढचं वर्ष आलं, शाळेत नाव घालायचे दिवस आले, मी दादाकडे बघितलं, तो म्हणाला, "बघू." त्याच्या पुढच्या वर्षी मी बघणंही सोडून दिलं. आई गेली तेव्हाही तिला वाटत होतं की प्रकाश कॉलेजात शिकला, फक्त नशिबाने परीक्षेत मार खाल्ला. मी तिच्या उशाशी बसले होते. तेव्हासुद्धा मी गप्प राहिले.

क्लासच्या शेवटी मॅडम म्हणाल्या, आता प्रत्येकाने स्वतःच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायची. मी हीच सांगितली. इंग्रजी अडलं तिथे मराठी घातलं. पोळ्या सांगितल्या, रंजना सांगितली, दहीसाखर सांगितली. बॅग घेऊन जाणारा भाऊ सांगितला. पण तो कुठे जायचा, ते सांगितलं नाही. दादाला शब्द दिला होता. आई राहिली नाही तरी शब्द तर राहतो, असं मला वाटलं. मॅडमनी विचारलं, "मग भावाचं कॉलेज झालं?" मी म्हटलं, "नाही. त्याने सोडलं होतं. बॅग घेऊन जायचा, एवढंच. पुढचं मी बोलणार नाही."

मॅडम थोड्या हिरमुसल्या. "पण ताई, यात शेवटी धक्का कुठे आहे?"

"धक्का नाहीये. असंच झालं."

"असंच झालं ही गोष्ट होत नाही हो."

फ्रान्सिसकाका मधे पडले. "मॅडम, तिची ती गोष्ट आहे, राहू द्या ना तिच्यासारखी."

त्यांचं कुणी ऐकलं नाही. क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता, बोरिवलीलाच, एका शाळेच्या हॉलमध्ये. नवीन लोकांनी नावं घालावीत म्हणून तो ठेवायचे. मॅडमनी सांगितलं होतं, घरच्यांना घेऊन या. मी माझी मुलगी सायली हिला आणि दादाला घेऊन गेले. होय, मीच नेलं. मला त्याला दाखवायचं होतं की मी आता इंग्रजीत बोलते.

मॅडम माइकवर आल्या आणि म्हणाल्या, आमच्या एका विद्यार्थिनीची खरी गोष्ट वाचते. इंग्रजीत वाचून मग मराठीत सांगितली. पीठ माझं, पार्टिशन माझं, दहीसाखर माझी. मी ताठ बसले होते. आणि मग त्या म्हणाल्या की खूप वर्षांनी बहिणीला कळलं, भाऊ ती बॅग घेऊन कॉलेजात जातच नव्हता. तो गोदामात ओझी उचलायला जायचा. बहिणीचं शिक्षण थांबवलं त्याच दिवशी त्याने स्वतःचंही थांबवलं होतं. बॅगेत पुस्तकं नव्हती, मळलेला सदरा होता.

मला इथे एक सांगायलाच हवं. क्षणभर मला तो भाऊ मिळाला. मळक्या सदऱ्याचा, माझ्यासाठी झिजणारा. त्याच्यासाठी मी हजार वेळा पोळ्या लाटल्या असत्या आणि चकार शब्द काढला नसता. मी शेजारी बघितलं, त्यालाच शोधायला. तिथे दादा बसला होता. तो रडत होता.

मॅडम म्हणाल्या, "ते बंधू आज इथे आले आहेत." सगळे उभे राहिले. मला वाटलं आता हा मान हलवेल, नाही म्हणेल, निदान लाजेल. दादा उठला, हात जोडले आणि म्हणाला, "मी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं."

वर्गातला प्रत्येक शेवट ओळखणारी मी. हा मला दिसला नाही.

बाहेर आल्यावर मी मॅडमना जिन्यात गाठलं. आवाज चढला होता, चढणारच. "कुणाला विचारून बदललंत?"

"ताई, तुम्हीच पुढचं सांगायला नाही म्हणालात. मला वाटलं, भावाचं काहीतरी मोठं असेल, तुम्हाला सांगताना रडू येत असेल. आणि तेसुद्धा हो म्हणाले ना?"

"ते हो म्हणणारच. त्यांना फुकट मिळालं!"

"पण चांगलंच केलं ना मी त्यांना? कुणाचं काय बिघडलं?"

माझं बिघडलं. मी भावाची लाज झाकायला एक जागा रिकामी ठेवली होती. त्या जागेवर त्यांनी त्याचा पुतळा उभा केला, आणि तो खुशाल त्यावर चढून बसला.

तेव्हापासून ती गोष्ट वाढतेच आहे. लग्नात, बारशात, सोसायटीत. आधी नुसतं गोदाम होतं, मग त्याला एक कडक मुकादम आला, मग पावसात भिजलेली पोती आली. हल्ली बोलता बोलता दादा उजवा खांदा चोळतो. मला तर वाटतं तो खांदा आता त्याला खरोखर दुखत असेल. रंजनाला मी फोन केला होता. ती म्हणाली, "अगं, इतकी वर्षं झाली. त्याला बिचाऱ्याला मान मिळतोय तर मिळू दे." सगळ्यांना तो मान मिळू द्यायचा आहे. त्यासाठी माझं काय काय घेतलं ते कुणी मोजत नाही.

कारण आता माझा राग उरायला जागा नाही. राग हीच माझी एकुलती मालकीची गोष्ट होती. दुकान त्या रागावर उभं केलं, सायलीला त्या रागावर शिकवलं. ती परीक्षेला निघाली की मी तिच्यासाठी दुकान बंद ठेवायचे, कुठलंही दार कुठेही सडू दे. आणि त्या कार्यक्रमाहून घरी येताना तीच सायली रिक्षात मला म्हणाली, "आई, मामाने एवढं केलं आणि तू त्याच्यावर आयुष्यभर चिडून राहिलीस? तुला कधी वाटलं नाही का, त्याला विचारावं?"

मी म्हटलं, "ते खोटं आहे."

तिने रिक्षाबाहेर बघितलं. मग हळूच म्हणाली, "मामा रडत होता गं."

मला रडता येत नाही, हा माझा दोष. मला ओरडता येतं. ओरडणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवणार, तेही समोर पांढऱ्या केसांचा माणूस मुकाट डोळे पुसत असताना? परवा सोसायटीतून उठून आले तेव्हा सायली मागोमाग आली. तिने पाणी दिलं आणि म्हणाली, "सगळ्यांसमोर उठून गेलीस. मामाला किती वाईट वाटलं असेल." मी तिला नदीकाठची खोली सांगितली. पहिल्यांदा. कॅरम, पावडर, शपथ, सगळं. तिने नीट ऐकलं. आणि विचारलं, "हे तू इतकी वर्षं का नाही बोललीस?"

शब्द दिला होता म्हणून. हे उत्तर मला स्वतःलाच किती पोकळ वाटलं! खोटं बोलणाऱ्याकडे गोदाम आहे, मुकादम आहे, पोती आहेत. खरं बोलणाऱ्याकडे नुसतं गप्प बसणं.

नेहा मॅडम, तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. तुम्ही कुठेही शिकवत असाल, तिथल्या वर्गात उभं राहून सांगा की तो शेवट तुमचा होता. एका बाईने सांगायला नकार दिला, आणि तुम्ही तिच्या नकाराचं कौतुक बनवून दुसऱ्याला वाहिलंत.

आणि दादा, तुझ्याशी मी आता सोसायटीत बोलणार नाही, लग्नात बोलणार नाही. रविवारी माझ्या घरी ये. सायली असेल. चहा मी करीन. खांदा चोळायचा नाही, डोळे पुसायचे नाहीत. मी तुला कॉलेज का सोडलंस ते विचारत नाही, तुला नव्हतं जमत, ते माणसाला होतं. मी एवढंच विचारते, आईचा हात बरा झाला होता, तू दिवसभर मोकळा होतास, मला अभ्यास येत होता, तरी दुसऱ्या वर्षी शाळेचं दार उघडलं तेव्हा तू मला का जाऊ दिलं नाहीस? माझ्या मुलीसमोर सांग. उत्तर सुंदर नसलं तरी चालेल, पण या वेळी ते तुझं स्वतःचं पाहिजे.